'व्हॅक्सीन हेझिटन्सी'ला मराठीत काय म्हणाल? संकोच, धाकधूक की कां-कू?

गावच्या अंगणवाडीसाठी बाळांच्या लसीकरणाचं एक पानभर पत्रक लिहायला घेतलंय आणि पहिल्याच परिच्छेदात अडकलेय. व्हॅक्सीन हेझिटन्सीला आपल्या रोजच्या बोलण्यातला शब्द कोणता? 'लस-संकोच' असं वाचलंय पण मला ते पटत नाही. संकोच कशाचा वाटतो, तर पंगतीत पुन्हा जिलबी मागायचा, उसने पैसे परत मागायचा. त्यात लाज आहे. लेकराला सुई टोचायची म्हटल्यावर आईच्या पोटात जो गोळा येतो त्यात लाज कुठेय? आणि 'लसविरोध' तर त्याहून चुकीचा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली जगाच्या आरोग्यापुढचे जे १० धोके सांगितले त्यात व्हॅक्सीन हेझिटन्सी हा एक होता, आणि अर्थ बघितला तर लस मिळत असूनही ती घ्यायला उशीर करणं किंवा नाकारणं, म्हणजे दोन्ही. आमच्या गावात नकारवाला मला अजून भेटलेला नाही, उशीरवाले पुष्कळ. त्यांना विरोधक म्हटलं की ते खरंच विरोधात जाऊन बसतात.

दुसरा अडलेला शब्द 'दुष्परिणाम'. हा जरा सविस्तर सांगते. बहिणीच्या मुलाला दीड महिन्याला पेंटाचा (घटसर्प, डांग्या खोकला अशा पाच आजारांवरच्या एकत्र लसीचा) पहिला डोस दिला, डाव्या मांडीवर. तिने विचारलं काही होणार नाही ना, तर तिथल्या बाई म्हणाल्या काही नाही होत हो, न्या घरी. रात्री पोर तापलं, मांडी कडक झाली, लंगोट बदलायला पाय उचलला तरी किंचाळायचं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ताप उतरला, मांडीही मऊ पडली, पण तोवर घरातल्यांनी मोबाईलवर 'पेंटा दुष्परिणाम' शोधून काय काय वाचलं होतं, आणि मग अडीच महिन्याचा डोस साडेचार महिन्यांनी गेला. एवढे दिवस ते लेकरू डांग्या खोकल्यापासून अर्धवट उघडं राहिलं. "रात्री ताप येईल" एवढं आधी सांगितलं असतं तर तोच ताप आल्यावर बहीण म्हणाली असती, बाई म्हणाल्या होत्या तसंच झालं. 'दुष्परिणाम'मध्ये तो 'दुष्' आहे ना, तो एका रात्रीच्या तापाला फार जड आहे असं मला वाटतं. काय लिहू?

सातारकर:
ताई, शब्द तयार आहे की, 'कां-कू'. "दुसऱ्या डोसला कां-कू करतायत" असं आमच्याकडच्या आशाताई सरळ बोलतात. यात नकारही नाही आणि शिवीही नाही, माणूस अजून दारात उभा आहे एवढंच. धाकधूक म्हणजे आतली भीती, कां-कू म्हणजे ती बाहेर दिसते तेव्हा. पण 'चालढकल' वेगळी ठेवा. ज्याला वाटतं आता कुठे घटसर्प राहिलाय, त्याला भीती नसते, तो बेफिकीर असतो. आणि ज्या बाईची बुधवारची मजुरी बुडते म्हणून ती सत्राला येत नाही तिला यातला कुठलाच शब्द लावू नका, तिची अडचण आहे. तिघांशी बोलायचं वेगळं, एकाला दिलासा, एकाला आजाराची आठवण आणि तिसरीला सत्राचा वार बदलून.

कोशात रमणारा:
'लस' हा शब्दच बघा. जखमेतून लस येते, लस वाहते, हा मूळ अर्थ, चिकट पाणी किंवा पू. जेनरने १७९६ मध्ये गवळणीच्या हातावरच्या गाईच्या देवीच्या फोडातलं पाणी एका मुलाच्या दंडात घातलं, तेच हे पाणी. आपल्याकडे ते बगदाद, बसरा करत जून १८०२ मध्ये मुंबईला पोचलं आणि अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या ३ वर्षांच्या मुलीला पहिल्यांदा टोचलं, मग तिच्या फोडातून पुढच्याला, त्याच्यातून आणखी पुढच्याला असं दंडोदंडी ते देशभर गेलं. म्हणजे तेव्हा लस अक्षरशः लसच होती.
दुसरं म्हणजे 'देवी काढणे'. रोगाला देवी आल्या आणि उपायाला देवी काढल्या, आणि काढणारा तो देवी डॉक्टर. आजी-आजोबांच्या पिढीला कुणी व्याख्या समजावून दिली नव्हती, घरातल्याच शब्दात ते बसलं होतं. १९७५ नंतर भारतात देवीचा रोगी सापडला नाही, १९७७ ला देश देवीमुक्त जाहीर झाला. शब्द मात्र दंडावरच्या वणासारखा राहिलाय.

रिटायर सिस्टर:
३० वर्षं नोकरी केली, उपकेंद्रावरच. ताई, तुमच्या बहिणीच्या बाबतीत जे झालं ते वाचून वाईट वाटलं, कारण ते वाक्य आमच्याही तोंडात बसलेलं असतं, काही नाही होत. खरं तर सुई दिल्यावर आम्ही चार गोष्टी सांगायच्या असतात, कुठली लस दिली आणि ती कशासाठी, त्रास काय होऊ शकतो आणि झाला तर काय करायचं, परत कधी यायचं, आणि कार्ड जपून ठेवून पुढच्या वेळी आणायचं. शिवाय अर्धा तास बसवून ठेवायचं. ओसरीत चाळीस बाया नि रडणारी पोरं असली की नेमकी दुसरी गोष्ट गळते, आणि नेमकी तीच महत्त्वाची.
दुष्परिणाम हा शब्द मी कधीच वापरला नाही. मी म्हणायचे, अंग तापेल, मांडीला गाठ येईल, पोर किरकिर करेल, म्हणजे शरीर कामाला लागलंय. बीसीजीचं (क्षयरोगावरच्या लसीचं) तर दोन-चार आठवड्यांनी डाव्या दंडावर फोड येतो, पिकतो, त्यातून लस येते (वरच्या दादांनी सांगितलं तीच), आणि बाया घाबरून हळद नाहीतर मलम लावतात. मी आधीच सांगून ठेवायचे की तो पिकणारच, काही लावू नका, आपोआप वाळून वण राहील. मग त्या महिन्याभराने दंड दाखवायला यायच्या, सिस्टर पिकला हो, म्हणून हसत.
आणि पत्रकात उपदेशाचे डोस पाजू नका. पोलिओच्या मोहिमेत दारावर खडूने खूण असायची, पी म्हणजे घरातली सगळी पोरं झाली, एक्स म्हणजे कुणी राहिलं. एक्सच्या घरी परत जायचं असायचं. पहिल्यांदा जाऊन कायदा शिकवून आलेली बाई दुसऱ्यांदा गेली तर दार उघडत नसे. बसून पाणी मागून प्यायलं, सूनबाईंनी नाही म्हटलं म्हणजे सासूला काय वाटतं ते विचारलं, की बऱ्याचदा तिसऱ्या वेळी करंगळीला शाई लागायची.

मानखुर्दहून:
२०२२ च्या शेवटी गोवंडीत गोवरची साथ आली, लेकरं दगावली, तेव्हा मी घरोघरी फिरलेय. तिथली बरीच कुटुंबं उत्तर प्रदेशची, 'गोवर' म्हटलं की कळायचं नाही, त्यांचा शब्द खसरा. आणि लसीला त्यांचा शब्द टीका, जो मराठी माणसाने वाचला तर वाटेल कुणीतरी कुणावर तोंडसुख घेतंय. तेव्हा पत्रक ज्या वस्तीत जाणार तिथला शब्द आधी विचारा.
पण मराठी घरातही एक अडचण आहे, आपलं क्रियापद. गोवर 'येऊन जातो'. पाहुण्यासारखा. सगळ्यांना येतो, आला की बाळ सुटलं. या येऊन जाण्यात न्यूमोनिया कुठेच दिसत नाही, डोळे जातात ते दिसत नाही. मी मग म्हणायचे, गोवर जाताना काही लेकरांना घेऊन जातो. कठोर आहे, पण खोटं नाही, आणि ९ महिन्यांचा एमआरचा (गोवर-रुबेला लसीचा) डोस राहिलेल्या दोन आया त्या वाक्यावर उठून माझ्याबरोबर चालत आल्या.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार, सिस्टर तुमचे विशेष. संकोच काढला. मथळा "लसीबद्दल धाकधूक वाटते? विचारा" असा करतेय, 'कां-कू' आशाताईंच्या बोलण्यासाठी ठेवलाय, कारण छापलं की तो टोमण्यासारखा दिसेल अशी शंका आली. 'दुष्परिणाम' पूर्ण गाळून हे लिहिलंय: "दीड, अडीच आणि साडेतीन महिन्याच्या डोसनंतर बाळाचं अंग तापू शकतं, मांडी सुजू शकते, एक-दोन दिवसांत उतरतं. अंगावर पाजत राहा, तापाचं औषध सिस्टर सांगतील तेवढंच द्या. बाळ तीन तासांपेक्षा जास्त न थांबता रडलं, झटका आला किंवा मलूल पडलं तर वाट न बघता दवाखान्यात न्या." सिस्टर, शेवटचं वाक्य घाबरवणारं वाटतंय का? मला ते काढायचं नाहीये, कारण मागच्या वेळी नेमकं हेच सांगायचं राहिलं होतं. आणि विदर्भातले कुणी वाचत असाल तर सांगा, 'मलूल' तिकडे चालतो का, की 'सुस्त' लिहू? नणंद थोड्या प्रती वर्ध्याला नेणार आहे.