रिसेल बघून गाडी घेणं म्हणजे पुढच्या मालकासाठी हप्ते भरणं

गिअरबदलू (मुलुंड)
रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये पुन्हा तोच वाद. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना निवृत्तीच्या पैशातून गाडी घ्यायची आहे आणि सगळ्यांचं एकच पालुपद: मारुती घ्या नाहीतर टोयोटा, विकताना पैसे येतात. अहो, काका वर्षाला चार-पाच हजार किलोमीटर चालवणार. ती विकायची वेळ येईल तेव्हा त्यांची पंचाहत्तरी उलटलेली असेल.

रिसेल म्हणजे चार अनोळखी लोकांना तुमच्या गाडीबद्दल काय वाटतं, त्याचा भाव. गाडी कशी आहे हे त्यातून कळत नाही. मारुतीच्या स्विफ्ट डिझेलचंच उदाहरण बघा. लोक डोळे झाकून पैसे टाकायचे. तिच्यातलं १२४८ सीसीचं इंजिन मूळ फियाटचं. तेच इंजिन फियाटच्या स्वतःच्या पुंटोत होतं, जी आपल्या रांजणगावात बनायची, आणि पुंटोला सेकंडहँडमध्ये कुत्रं विचारत नव्हतं. इंजिन एकच, बिल्ला वेगळा.

मी याचा फायदा घेतला. सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्डने भारतातलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं, आणि त्याच दिवाळीत मी ठाण्यातून २०१७ ची फोर्ड इकोस्पोर्ट डिझेल उचलली. एमएच-०४ पासिंग, एकच मालक, ५१ हजार किलोमीटर, ५ लाख ९० हजार. मालक बॉनेट उघडून असा उभा होता की घरातलं आजारी माणूस दाखवतोय. कशेडीचा बोगदा सुरू व्हायच्या आधी तो घाट मी हिच्यात तिसऱ्या गिअरवर ट्रकमागून ट्रक मागे टाकत चढलोय. रिसेलवाल्यांनी सांगावं, या आनंदाला घसारा किती टक्के लावायचा?

निवृत्त ऑडिटर
घसारा मी लावतो. तुम्हाला ती स्वस्त मिळाली म्हणजे पहिल्या मालकाने तेवढं सोसलं. तुमच्या शहाणपणाला त्याच्या नुकसानीचं भांडवल आहे. सगळेच तुमच्यासारखे निघाले तर नवी गाडी घेणार कोण?

दुसरं. महाराष्ट्रात १० ते २० लाखांच्या डिझेल गाडीला एकरकमी कर १४ टक्के, दहाच्या आतल्या पेट्रोलला ११. तो पैसा गेला तो गेला. विम्याचा पहिला हप्ता, ॲक्सेसरीज, तेही गेलं. उरतं त्यातून काही परत येणार असेल तर ते रिसेलमधूनच.

आणि अडचण काही सांगून येत नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये माझ्या धाकट्या भावाची नोकरी गेली. वॅगनआर चार दिवसांत विकली गेली, पैसे खात्यात. त्याच्या शेजाऱ्याची हौसेची सेडान गणपती होऊन गेले तरी खाली धूळ खात उभी. तेव्हा घाटातला आनंद कोणी विकत घेत नव्हतं.

मिस मायलेज
ऑडिटर काका, तुमची वॅगनआरही काही फिक्स्ड डिपॉझिट नव्हे हो. मी जून २०२५ मध्ये दोन वर्षं जुनी छोटी हॅचबॅक घेतली, "भाव पडणारच नाही" असं ऐकून. २२ सप्टेंबरला छोट्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ वर आला, सेसही गेला. नवीच इतकी उतरली की माझ्या जुनीचा भाव बसल्या जागी बसला. तीन महिन्यांत! मी त्या काळात गाडीला ओरखडाही पाडला नव्हता.

काळीपिवळी
फियाटला कुत्रं विचारत नव्हतं?? मुंबई चाळीस वर्षं फियाटमध्येच बसत होती, भाऊ. प्रीमिअर पद्मिनी कुर्ल्याला बनायची. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २००३ च्या ऑक्टोबरमध्ये नोंदली गेली, आणि टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. बाबांची होती एक. क्लच प्लेट गेली की पहिल्याच गल्लीत मिळायची आणि बसवणाराही तिथेच. भाव त्याचा होता, बिल्ल्याचा नाही.

कुर्ल्याचा पाना
काळीपिवळी, मनातलं बोललात. माझ्या गॅरेजला गेल्या पावसाळ्यात एक गाडी आली, कंपनीने देशातून गाशा गुंडाळलेली. सर्व्हिसचं सामान, फिल्टर, ब्रेक पॅड सगळं मिळालं. डाव्या हेडलॅम्पसाठी सहा आठवडे. तेवढे दिवस मालक रात्री रिक्षाने.

पण तुम्ही सगळे बिल्ल्यावरच भांडताय. मुंबईत जुनी गाडी घेताना आधी पाणी बघा, म्हणजे ती पुरात बुडालेली तर नाही ना. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, अगदी अडकेपर्यंत. विकणारा सीट धुतो, मॅट बदलतो, सेंट मारतो, पण बेल्टचं ते शेवटचं वीतभर कोणी धूत नाही. तिथे मातकट रेघ दिसली की चहा पिऊन निघायचं. मग स्टेपनी उचलून खालचा पत्रा, सीटच्या रुळांचे बोल्ट. मीटरवर ३० हजार आणि ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत, म्हणजे मीटर मागे फिरवलेला, असंही बघितलंय. "पारसी मालकाची", म्हणजे जपून वापरलेली, म्हणून वीस हजार जास्त मागणारेही रोज भेटतात, आरसीवर नाव भलतंच.

गिअरबदलू (मुलुंड)
पाना, हेडलॅम्पचं मान्य. माझा शाबूत आहे म्हणून मी इथे ऐटीत लिहितोय, हेही मान्य. पण ऑडिटर काका, अडचणीसाठी पैसे बँकेत ठेवावेत, पार्किंगमध्ये नव्हे.

(आत्ता खाली जाऊन बेल्ट ओढून आलो. पुढचे दोन्ही स्वच्छ. मागे डावीकडे रेघ आहे, पण ती आमच्या चिरंजीवांच्या चॉकलेटची.)

निवृत्त ऑडिटर
बँकेत ठेवण्याइतके उरत नाहीत म्हणूनच लोक वॅगनआर घेतात. इकोस्पोर्ट विकायला काढा, काय येतात ते इथे लिहा, मग बोलू.

तिसरा मजला
मुलाने हा धागा पाठवला. मीच तो काका. रविवारी दीड तास आणि इथे एवढं सगळं, पण मला डाव्या गुडघ्यामुळे क्लच दाबवत नाही, ऑटोमॅटिक हवी आहे आणि आमच्या हिला चढता-उतरताना वाकायला लागू नये, हे कोणी विचारलंच नाही. शनिवारी दोन टेस्ट ड्राइव्ह ठरवल्या आहेत. गिअरबदलू, रिकामे असाल तर दहाला खाली या. बेल्ट ओढायला नको, नवीच घेतोय.