एमआरचा (गोवर-रुबेला लसीचा) दुसरा डोस राहिलाय, गोवरचं कितपत टेन्शन घ्यायचं?

करवीरची_आई:
मुलगी २० महिन्यांची हाय. पहिला एमआर माहेरी इचलकरंजीत झाला, नववा महिना संपल्यावर. इकडं आल्यापासून दुसरा राहिलाय. सासूबाई म्हणतात गोवर सगळ्यांनाच निघतो, उशाला कडुलिंबाचा पाला ठेवायचा, आठवड्यात उतरतो. शेजारचे म्हणतात आपल्या जिल्ह्यात लसीकरण चांगलं हाय, एकीचं राहिलं म्हणून काय बिघडतंय. आणि आमच्या रानाशेजारी ऊसतोडीच्या टोळ्या उतरल्यात, त्यांची पोरं आमच्याच नळावर असतात, त्यामुळं जास्त भीती वाटतीय.

तांबडा_पांढरा:
सासूबाईंना पाला ठेवू दे की, डोस पण द्या. भांडण मिटलं 😄

नर्सबाई_हातकणंगले:
दुसऱ्या डोसचं वय १६ ते २४ महिने, म्हणजे अजून वेळेतच हाय तुम्ही. पण हा नुसता बूस्टर नव्हे. नवव्या महिन्यात दिलेली लस शंभरातल्या साधारण ८५ पोरांनाच लागू पडते, आईकडून आलेली प्रतिकारशक्ती तोवर आडवी येते, मग उरलेल्या पंधरांसाठी दुसरा लागतोच, आणि तुमची त्यातली हाय का नाही हे बाहेरून कळत नाही. साध्या सर्दीसाठी थांबू नका. कार्ड घेऊन जावा आणि सत्राला लवकर जावा, बाटली तयार केली की चार तासांत संपवावी लागते, उरली की टाकून द्यायची.

गगनबावडा_एक्सप्रेस:
जिल्ह्याच्या आकड्यावर जाऊ नका ओ. गोवर रोखायला ९५ टक्के पोरांचे दोन्ही डोस लागतात आणि तेही प्रत्येक वस्तीत. सरासरी झकास असली तरी एखाद्या गल्लीत दहा पोरं राहिलेली असली की तिथंच पेटतो. २०२२ ला मुंबईत गोवंडीकडं तेच झालं, पोरं दगावली. रोगी खोलीतून गेला तरी दोन तास हवेत विषाणू राहतो, आणि पुरळ यायच्या चार दिवस आधीपासनंच तो पसरवत असतो, त्यामुळं पुरळ बघून पोरगी लांब ठेवली तरी उशीर झालेला असतो.

बीडचा_कोल्हापूरकर:
टोळीवाल्यांना नावं ठेवायच्या आधी एवढं बघा, दुसऱ्या डोसच्या वयात पोर गावाकडं नसतं, फडात असतं, कार्ड घरच्या पेटीत. इथं कोण विचारतंय? तुमच्या आशाताईला सांगून खोपटांवर सत्र लावून घ्या, मोठ्या पोरांचं राहिलं असलं तर पाच वर्षांपर्यंत देतात.

करवीरची_आई:
आशाताईला फोन केला, खोपटांवर यायला तयार हायत. डोसनंतर ताप येतो का पण?

नर्सबाई_हातकणंगले:
आला तर लगेच नाही, साधारण आठवड्यानं येतो, थोडं पुरळही दिसतं, तेव्हा सासूबाई म्हणतील बघ गोवर निघाला. दोन दिवसांत उतरतो. नाहीच उतरला तर दवाखान्यात दाखवा.