प्युअर डेटामध्ये तानपुरा: गंधार येत नाही, आणि तार पंचमाच्या वरचे सगळे स्वर एकाच जागी

मिक्सरवाला_कराड
नमस्कार मंडळी. आमचा धंदा लग्न-जत्रांच्या साउंडचा. आषाढात काम नसतं, बॉक्स गोडाऊनला आणि मी घरी. मुलगी आठवीत आहे, गाणं शिकते, काळी पाचला गाते (पेटीची पाचवी काळी पट्टी हा तिचा सा). तिच्या बाई खरा तानपुरा लावतात. परवा क्लासवरून आली ती विचारतच, "बाबा, तारा चार. प सा सा सा. मग मला ग ऐकू येतो तो कोण वाजवतं?" मी म्हटलं, हार्मोनिक असणार, म्हणजे तारेच्या मूळ कंपनाच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वेगाचे, त्याच तारेत दडलेले सूर. तर म्हणाली, "दाखवा."

आता दाखवणार काय, कपाळ? म्हणून जुन्या लॅपटॉपवर (४ जीबी रॅम, उबुंटू) प्युअर डेटा हे आवाज घडवायचं सॉफ्टवेअर टाकलं. चौकोन मांडायचे, वायरी ओढायच्या. स्टेजमागं हेच करत आलो, त्यामुळे लगेच हात बसला. तारेसाठी कार्प्लस-स्ट्राँग केलं, म्हणजे छेडलेल्या तारेचा आवाज बनवायची रीत. खर्जाला ८.५८ मिलिसेकंदांची डिले लाइन (आवाज तेवढा वेळ थांबवून सोडणारी), तिच्यात तेवढ्याच वेळाचा नॉइजचा फटका, आणि बाहेर आलेला आवाज लो-पासमधून (वरचे सूर गाळणारी चाळणी) जरा बोथट करून परत आत. आयुष्यभर फीडबॅक मारण्याचे पैसे घेतले, आता घरी बसून फीडबॅक पाळतोय. पण तार वाजली राव!

भानगडी दोन. एक, आवाज गिटारचा येतोय, गंधार औषधालाही नाही. दोन, हुरूप आला म्हणून त्याच पॅचच्या (चौकोन-वायरींच्या मांडणीच्या) प्रती काढून स्वरमंडल करायला घेतलं. तार मध्यमापर्यंत सगळं सुरात. तार पंचम लावला तर उतरलेला, आणि ध, नि, वरचा सा लावले तर तेही त्याच उतरलेल्या पंचमावर येऊन बसतात. डिले कितीही कमी करा, हलत नाही. लॅपटॉप जुना म्हणून होत असेल का?

टिनपाट
तानपुऱ्याचं फुकट ॲप मिळतं की. कशाला एवढा उद्योग?

मिक्सरवाला_कराड
ॲप आहे. रोजचा रियाज त्याच्यावरच होतो. पण ॲपला "दाखव" म्हणता येत नाही.

अर्धमात्रा
लॅपटॉपला शिव्या देऊ नका, त्याची चूक नाही. आवाजाचे सेकंदाला ४४१०० तुकडे पडतात, एक तुकडा म्हणजे एक सॅम्पल. प्युअर डेटा एकेक सॅम्पल मोजत बसत नाही, ६४-६४ सॅम्पलचे घास घेतं. त्यामुळे फीडबॅकमध्ये बाहेर पडलेला आवाज निदान एक घास थांबल्याशिवाय परत आत शिरू शकत नाही. ४४१०० भागिले ६४ म्हणजे ६८९ हर्ट्झ. काळी पाचचा तार पंचम ६९९ ला. म्हणून तो उतरलेला, आणि त्याच्या वरचे सगळे त्याच छताला डोकं आपटून थांबलेले.

उपाय: डिलेचा फेरा एका सबपॅचमध्ये (पॅचच्या आतला छोटा पॅच) टाका आणि आत 'ब्लॉक~ १' ठेवा, म्हणजे तिथे घास एकाच सॅम्पलचा होईल. डेलराइट आणि डेलरीड (डिलेत आवाज घालणारा आणि काढणारा चौकोन) दोन्ही आतच हवेत. फक्त फेराच आत घ्या हं, अख्खा पॅच नको, नाहीतर ४ जीबीवाला जीव टाकेल. आणि साधा डेलरीड~ काढून डेलरीड४~ लावा. तार धैवताला ५६.७६ सॅम्पल हवेत. साधा डेलरीड ५७ धरून मोकळा होतो आणि ध सात सेंट उतरतो (शंभर सेंट म्हणजे एक अर्धस्वर). आठवीतल्या पोरीच्या कानाला तो नक्की बोचेल. लो-पासही आपला थोडा उशीर घालतो, तेवढं कानानं सारखं करा.

खुंटी_पीळ
दादा, माझं माहेर मिरजेचं, शाळेत जाताना रोज तानपुऱ्याचे भोपळे वाळत घातलेले बघत गेले. तेव्हा गंधाराबद्दल मी बोलणार.

गिटारची तार एका कडेवर टेकते. तानपुऱ्याची घोडी रुंद असते आणि किंचित फुगीर. तार हलताना त्या फुगवट्यावर लोळते, सुटते, परत लोळते, आणि त्या घासण्यातून जोर सतत वरच्या हार्मोनिकांकडे जात राहतो. ही झणझण म्हणजेच जवारी. तारेखालचा जवारीचा दोरा केसभर सरकवतात तो याचीच जागा शोधायला. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये यावरच लिहिलंय. नियमानं, ज्या हार्मोनिकच्या स्थिर बिंदूवर तार छेडावी तो हार्मोनिक वाजता कामा नये. तानपुऱ्यात तो तरीही वाजतो. तुमचा लो-पास नेमकं उलटं करतोय, दर फेऱ्याला वरचे हार्मोनिक खातोय. पाचवा हार्मोनिक म्हणजेच गंधार, तो जगणार कसा?

जवारी खरी घडवणं अवघड आहे. मुलीला दाखवायला एक सोपी युक्ती सांगते, झाँ-क्लोद रिसे या फ्रेंच संगीतकाराची, १९६९ ची. मी ती सीसाउंड या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये करते, प्युअर डेटातही होईल. नऊ ऑसिलेटर (सतत एक सूर काढणारे चौकोन) घ्या. मधला खर्जावर, ११६.५४ ला. बाकीचे दोन्ही बाजूंना ०.०३ हर्ट्झच्या पायरीनं, चार खाली, चार वर. साधी साइन नको. साइनसमनं टेबल (एका कंपनाचा आकार) भरा: १ ला हार्मोनिक आणि मग ५ ते १०, मधले शून्य. टॅबऑस्क४~ नं वाजवा. मुळात फरक ०.०३ चा, पण पाचव्या हार्मोनिकला तो पाचपट होतो, सहाव्याला सहापट. त्या फरकामुळे नऊ जणांचे सूर कधी जुळतात, कधी एकमेकांना खोडतात, म्हणून प्रत्येक हार्मोनिक आपापल्या वेळेला वर येतो आणि बुडतो. कोणीही छेडलेलं नसताना रे, सा, प, ग ओळीनं ऐकू येतात. सुरुवातीला सगळे एकत्र येतात, तेव्हा आवाज हळूहळू उघडा, स्पीकर तुमचे मोठे असणार.

मिक्सरवाला_कराड
ताई, अर्धमात्रा, दोघांनाही दंडवत.

स्वरमंडल सुटलं. पंधरा तारा लावल्या तर लॅपटॉपचा पंखा जनरेटरसारखा ओरडतो, पण वरचा सा सुरात आहे.

नऊ ऑसिलेटर काल रात्री लावले. घरातल्या छोट्या मॉनिटरवर, घाबरू नका. पोरगी डोळे मिटून ऐकत होती. एकदम म्हणाली, "आला!" मी अंगावर काटा वगैरे म्हणणारा माणूस नाही, पण गप्प बसलो. मग थोड्या वेळानं तीच म्हणाली, "बाबा, हा घड्याळ लावून येतोय." मोबाइलवर मोजलं. दर पावणेसात सेकंदाला गंधार, चुकत नाही. आणि दुसरी तक्रार, "मधेच एक कोण येतो, ना कोमल नि, ना ध?"

खुंटी_पीळ
तो सातवा. कोमल निषादापेक्षा बराच उतरलेला असतो, आपल्या स्वरांत त्याला पाट नाही. टेबलात त्याची किंमत एकदशांश करा, अगदी शून्य केलीत तर भोक पडल्यासारखं वाटेल. घड्याळाचं कारण म्हणजे सगळ्या पायऱ्या सारख्या आहेत. ०.०२७, ०.०६४, ०.०८८ अशा वाकड्यातिकड्या करा, मग कधी येईल त्याचा नेम राहणार नाही.

मिक्सरवाला_कराड
केलं. सातव्याला वेगळा फेडर दिलाय, तो तिच्याच हातात आहे. वर-खाली करत बसली होती, जेवायला चार हाका माराव्या लागल्या. आता विचारतेय, बाईंच्या तानपुऱ्यातही हा सातवा असतो का. गुरुवारी क्लास आहे. कान लावून येते म्हणाली.