अडीच किलोच्या पॉमला चिप बसवावी का?

शाहूपुरीकर
पॉमेरेनियन कुत्री, पाच महिने, वजन अडीच किलो. फटाके किंवा मिरवणुकीची डॉल्बी वाजली की दार उघडं दिसेल तिकडं पळते. कातडीखाली ओळखीची चिप बसवायचा विचार आहे, पण सुई जाड असते म्हणे. एवढ्या लहान जिवाला झेपेल का? आणि हरवल्यावर मोबाईलवर दिसेल का?

पंचगंगाकाठ
मोबाईलवर दिसणार नाही. चिपमध्ये बॅटरीच नसते. रीडर, म्हणजे चिप वाचायचं हातातलं यंत्र, अंगाजवळ फिरवला की त्याच्या लहरींवर ती जागी होते आणि फक्त १५ आकडी नंबर सांगते. नाव, पत्ता त्यात काही नसतं. तो नंबर तुमच्या मोबाईलशी कुठं तरी नोंदलेला नसेल, तर कातडीखाली नुसता काचेचा दाणा. म्हणून बसवण्याआधी विचारा: नोंद कुठं होणार, कोण करणार, मोबाईल बदलला तर दुरुस्ती कशी?

रंकाळ्यावर कुत्री सापडली तर माणूस आधी गळा बघतो, रीडर शोधत नाही. कापडी पट्ट्यावरच दोन मोबाईल नंबर भरतकामानं घालून घ्या. लोंबता बिल्ला एस आकाराच्या हुकात अडकवू नका, हुक उघडतो. पट्ट्याखाली दोन बोटं जातील एवढाच सैल ठेवा. पॉमच्या केसांमुळं पट्टा घट्ट वाटतो आणि मान खाली घातली की डोक्यावरून निघतो. हे आजच करा, चिपचं नंतर बघू.

सुईवाला
नेहमीची चिप साधारण १२ मिमी लांब, २ मिमी जाड. लसीच्या सुईपेक्षा ही सुई बरीच जाड, हे खरं. पण काम दोन खांद्यांच्या मध्ये, सैल कातडीत, काही सेकंदांचं. भूल लागत नाही. ८ मिमीची बारीक चिपही मिळते, सुई बारीक. फक्त रीडर आणखी जवळ न्यावा लागतो. नसबंदी करायचीच असेल तर त्याच भुलीत उरकून घ्या.

लहान कुत्र्यात खरी चूक वेगळीच होते. कातडीची घडी पातळ, सुई या बाजूनं आत आणि त्या बाजूनं बाहेर. चिप केसांत पडते आणि कुणाला कळतही नाही. म्हणून रीडर तीनदा: पाकिटातच आधी, टोचल्यावर लगेच, आणि पुढच्या लसीला. तिन्ही वेळा नंबर चिपसोबतच्या स्टिकरशी ताडून बघा. एक स्टिकर लसीच्या पुस्तकात चिकटवा, फोटोही काढा. त्या दिवशी तिथं चोळू नका.

कधी कधी चिप सरकते. खांद्यात सापडली नाही तर छातीपर्यंत, पुढच्या पायाच्या कोपरापर्यंत रीडर सावकाश फिरवायला सांगा.

शाहूपुरीकर
पुढच्या वर्षी जर्मनीला न्यायचं ठरलं तर?

सुईवाला
मग "बसवावी का" हा प्रश्नच उरत नाही. चिप आयएसओ ११७८४/११७८५ या आंतरराष्ट्रीय मानकाची, १३४.२ किलोहर्ट्झवर चालणारीच घ्या. आणि क्रम चुकवू नका: आधी चिप, मग रेबीजची लस. चिपच्या आधीची लस युरोपात धरत नाहीत. लसीनंतर किमान ३० दिवसांनी तपासणीला रक्त, त्यात रेबीजची प्रतिकारशक्ती ०.५ आययू (आंतरराष्ट्रीय एकक) प्रति मिली किंवा जास्त हवी, आणि रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबायचं. तिकिटाची तारीख इथून उलटी मोजा. नसबंदीची वाट बघत बसू नका.

पंचगंगाकाठ
आणि लसीच्या पुस्तकात नंबर हातानं उतरवताना एक आकडा चुकला, तरी कागद अडतो. पंधराच्या पंधरा आकडे तिथंच उभं राहून मोठ्यानं वाचून घ्या.