ऑस्ट्रेलियातील ग्रामीण ‘शायर’ आपल्याकडील कोणत्या संस्थेसारखी मानावी?

प्रश्न : समुद्रपूरकर

नमस्कार. आमच्या ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्याला जोडण्यासाठी गावाची सविस्तर माहिती लिहून काढण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे. माझा भाचा ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याच्या पश्चिम भागात, हिंडमार्श नावाच्या शायरमध्ये (शायर म्हणजे तिथली ग्रामीण स्थानिक स्वराज्य संस्था आणि तिची हद्द) नोकरीनिमित्त राहतो. लोकसंख्या, वयोगट, पिके, रस्ते, व्यवसाय असे सगळे एकत्र मांडलेला त्या शायरचा परिचय त्याने मला नमुना म्हणून पाठवला आणि तो वाचून माझा गोंधळ वाढला. त्या शायरचे क्षेत्रफळ सुमारे साडेसात हजार चौरस किलोमीटर आहे, म्हणजे आपल्या अख्ख्या वर्धा जिल्ह्याहून (६,३०९ चौ. कि.मी.) जास्त, लोकसंख्या मात्र २०२१ च्या तिथल्या जनगणनेनुसार ५,७०० च्या घरात, जेवढी आपल्याकडे एखाद्या बाजारपेठेच्या गावाची असते. वर्धा जिल्ह्यात २०११ सालीच तेरा लाख लोक, आठ तालुके आणि पाचशेच्या वर ग्रामपंचायती होत्या. तेव्हा ही शायर म्हणजे ग्रामपंचायत समजावी, पंचायत समिती समजावी की जिल्हा परिषद? एवढ्या थोड्या लोकांच्या संस्थेला पैसा कुठून मिळतो, आणि तशी माहितीपुस्तिका आपल्या गावाची करता येईल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : विमेराकाठ

मी मूळचा हिंगणघाटचा. गेली काही वर्षे याच भागात धान्याच्या व्यवसायात असल्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

पहिली गोष्ट अशी की तिथे आपल्यासारखी तीन पायऱ्यांची रचनाच नाही. केंद्र, राज्य आणि त्याखाली थेट शायर. शायरच्या खाली ग्रामपंचायत नाही आणि शायर व राज्य यांच्यामध्ये जिल्हा परिषदही नाही. हिंडमार्शमध्ये निल, डिंबूला, रेनबो आणि जेपॅरिट ही चार मुख्य गावे आहेत. मुख्यालय निल येथे, मेलबर्न आणि ॲडलेड यांना जोडणाऱ्या महामार्गावर जवळजवळ मध्यावर. (पंतप्रधान रॉबर्ट मेंझीस यांचा जन्म १८९४ मध्ये जेपॅरिटचा. तिथले लोक हे आवर्जून सांगतात.) या गावांना स्वतःची निवडून आलेली वेगळी संस्था नाही. चारही गावे आणि त्यांच्यामधली गहू, बार्ली, कनोला, मसूर पिकवणारी अफाट शेतजमीन मिळून एकच कौन्सिल आहे, आणि तिचे सदस्य सहा. व्हिक्टोरियाच्या २०२० च्या कायद्यानुसार कोणत्याही कौन्सिलमध्ये किमान पाच आणि कमाल बारा सदस्य असतात, निवडणूक दर चार वर्षांनी होते आणि मतदान सक्तीचे असते. महापौराला बहुतेक ठिकाणी सदस्यच आपल्यातून एक किंवा दोन वर्षांसाठी निवडतात. कारभाराची सूत्रे मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याच्या हाती असतात. मात्र हा अधिकारी राज्य सरकार पाठवत नाही, कौन्सिल स्वतः त्याला जास्तीत जास्त पाच वर्षांच्या करारावर नेमते. आपल्या जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याशी तुलना करून पाहा, म्हणजे यातला फरक किती खोल आहे ते कळेल.

ही एवढी मोठी शायर पूर्वीपासून नव्हती. १९९४-९५ मध्ये राज्य सरकारने व्हिक्टोरियातील सुमारे २१० कौन्सिलांचे एकत्रीकरण करून त्या ७८ वर आणल्या. हिंडमार्श त्याच वेळी, १९९५ मध्ये, तयार झाली. त्या काळात निवडलेल्या सदस्यांच्या जागी काही काळ सरकारनियुक्त आयुक्त बसवले गेले होते आणि जुनी, लहान, जवळची कौन्सिल गेल्याची खंत म्हाताऱ्या शेतकऱ्यांच्या बोलण्यात अजून ऐकू येते.

कामांच्या बाबतीत मात्र शायर आपल्याला वाटते त्यापेक्षा मर्यादित आहे. स्थानिक रस्ते, कचरा, बांधकाम परवानग्या, वाचनालय, पोहण्याचे तलाव, माता-बाल आरोग्य केंद्रे ही तिची कामे. शाळा, पोलीस आणि रुग्णालये राज्याकडे आहेत. पाणीपुरवठासुद्धा राज्याच्या मालकीच्या स्वतंत्र जलमंडळाकडे आहे. याच मंडळाच्या भागात २०१० मध्ये विमेरा-मॅली जलवाहिनी पूर्ण झाली आणि सुमारे १७,५०० किलोमीटर लांबीचे उघडे मातीचे पाट बंद करून पाणी नळावाटे आणले गेले. वर्षाला जेमतेम चारशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात पाटांतून झिरपून आणि वाफ होऊन जाणारे पाणी किती असेल, हे कालव्याच्या शेवटच्या टोकाला शेती असलेल्या विदर्भातील माणसाला वेगळे सांगायला नको.

आता पैसा. शायरचे स्वतःचे मुख्य उत्पन्न म्हणजे ‘रेट्स’, अर्थात मालमत्तेच्या भांडवली मूल्यावर बसणारा वार्षिक कर. तो घरांवर बसतो, दुकानांवर बसतो आणि शेतजमिनीवरही बसतो. घरे थोडी आणि जमीन भरपूर असल्याने ग्रामीण शायरच्या रेट्सचा मोठा वाटा शेतकरीच भरतात. रेट्समध्ये वर्षाला किती वाढ करता येईल यावर राज्य सरकारने २०१६-१७ पासून मर्यादा घातली असून ती पहिल्या वर्षी २.५ टक्के होती. हजारो किलोमीटर रस्त्यांचा, त्यातही बहुतेक मुरमाच्या किंवा मातीच्या, भार एवढ्या करातून उचलणे अशक्य असल्याने केंद्र सरकारचे अर्थसाहाय्य अनुदान आणि रस्त्यांसाठीचा केंद्रीय निधी यांवर या शायर मोठ्या प्रमाणात अवलंबून असतात. ‘परदेशातील स्वयंपूर्ण स्वराज्य संस्था’ असे चित्र कोणी डोक्यात ठेवले असेल तर ते काढून टाकावे.

उत्तर : निवृत्त विस्तार अधिकारी (पंचायत)

विमेराकाठ साहेबांनी उत्तम लिहिले आहे. त्यात आपल्या बाजूची भर घालतो.

आपली त्रिस्तरीय रचना आकाशातून पडलेली नाही. पुसदचे वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली १९६० मध्ये नेमलेल्या समितीने १९६१ मध्ये अहवाल दिला, त्यावरून त्याच वर्षी जिल्हा परिषद व पंचायत समिती कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामाला लागल्या. त्याआधी केंद्राने नेमलेल्या बलवंतराय मेहता समितीचा भर तालुका पातळीवर होता. नाईक समितीने जिल्हा पातळी बळकट केली. पुढे ७३ व्या घटनादुरुस्तीने, २४ एप्रिल १९९३ पासून, या संस्थांना घटनेचा आधार मिळाला. ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेत स्थानिक संस्थांचा उल्लेखच नाही. तो घालण्यासाठी १९७४ आणि १९८८ मध्ये सार्वमत घेतले गेले आणि दोन्ही वेळा प्रस्ताव नाकारला गेला. त्यामुळे कागदावर पाहिले तर आपली ग्रामपंचायत त्यांच्या शायरपेक्षा अधिक भक्कम पायावर उभी आहे.

तिजोरी पाहिली की चित्र उलटते, आणि समुद्रपूरकरांच्या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते तिथेच आहे. आपल्या ग्रामपंचायतीला घरांवर कर बसवता येतो, पण शेतसारा लागू असलेली जमीन तिच्या कराच्या बाहेर आहे. ज्या गावाचे सारे अर्थकारण कपाशी, तूर आणि सोयाबीनवर चालते, त्या गावाच्या पंचायतीचा कर मात्र तेवढा घरपट्टी आणि पाणीपट्टीपुरता. उरलेला पैसा वित्त आयोगाचा, त्यातील मोठा भाग पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करण्याच्या अटीचा. शेतकऱ्यांवर नवा कर लावा असे मी मुळीच म्हणत नाही. कोरडवाहू कापूस पिकवणाऱ्याची आजची अवस्था पाहता ते अन्यायाचेच होईल. परंतु शायरच्या सभेत शेतकरी आपल्या रस्त्याचा हिशेब ज्या हक्काने मागतो, तो हक्क त्याने भरलेल्या रेट्समधून येतो, आणि आपल्याकडे आमसभेत तो आवाज क्षीण का असतो याचे एक कारण यात आहे.

तेव्हा विस्ताराने जिल्हा परिषद, लोकसंख्येने ग्रामपंचायत आणि कामाने नगर परिषदेच्या जवळची, असे या संस्थेचे वर्णन करता येईल.

उत्तर : वैनगंगा

वरील दोन्ही उत्तरांत ग्रामसभा राहून गेली. शायरमध्ये कौन्सिलच्या सभा लोकांसाठी खुल्या असतात, पण सर्व प्रौढ मतदार मिळून ठराव करतील असे ग्रामसभेसारखे वैधानिक सभागृह तिथे नाही. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाने ग्रामसभेच्या बळावर २००९ मध्ये आपल्या जंगलावरील सामूहिक हक्क मिळवला, ते सहा सदस्यांच्या कौन्सिलला साधले असते असे मला वाटत नाही.

शिवाय परिचयात शायरच्या मूळ रहिवाशांना किती जागा दिली आहे ते पाहावे. हिंडमार्श ज्या विमेरा भागात येते, तेथील वोत्जोबालुक आणि संबंधित समुदायांचा पारंपरिक जमीनहक्क न्यायालयाने डिसेंबर २००५ मध्ये मान्य केला. व्हिक्टोरियातील तो असा पहिला निर्णय होता. शायरचा इतिहास गव्हापासून सुरू केला तर तो अपुरा ठरतो.

समुद्रपूरकर

सर्वांचे आभार. आणखी एक विचारतो. आपल्याकडे बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर दीर्घकाळ प्रशासकच कारभार पाहत राहिले. तिथेही असे घडते का? आणि माहितीपुस्तिकेबद्दल कोणी लिहिले नाही.

उत्तर : विमेराकाठ

प्रशासक तिथेही येतात, पण वेगळ्या वाटेने. उत्तर व्हिक्टोरियातील मॉयरा या ग्रामीण शायरची कौन्सिल चौकशी आयोगाच्या अहवालानंतर २०२३ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने खास कायदा करून बरखास्त केली आणि २०२८ पर्यंत प्रशासक नेमले. मुदत संपली आणि निवडणूकच झाली नाही, असा प्रकार मात्र माझ्या पाहण्यात नाही.

माहितीपुस्तिकेचे म्हणाल, तर तिचा कणा जनगणना आहे. ती दर पाच वर्षांनी होते आणि आकडे थेट शायरच्या हद्दीनुसार मिळतात. कौन्सिलला लोकांशी बोलून ठरवलेले किमान दहा वर्षांचे भविष्यचित्र, चार वर्षांचा आराखडा आणि दहा वर्षांचा आर्थिक आराखडा कायद्याने करावाच लागतो, म्हणून परिचय अद्ययावत ठेवणे त्यांना भाग आहे. त्यातून निर्णयही घडतात. तरुण बाहेर जात असल्याचे आकडे समोर असतानाच निलमध्ये २०१० पासून म्यानमारमधील कारेन निर्वासित कुटुंबांना बदक-प्रक्रिया उद्योगात काम आणि गावात घरे मिळवून देण्याचा प्रयत्न झाला, आणि त्या छोट्या गावाची घटती वस्ती सावरली.

उत्तर : निवृत्त विस्तार अधिकारी (पंचायत)

आपल्याकडे २०११ नंतरची जनगणना अद्याप हाती नाही. नवी २०२७ ची आहे. तोवर थांबू नका. अंगणवाडीची नोंदवही, शाळेचा पट, नमुना ८ ची मालमत्ता नोंद, ई-पीक पाहणीतील पिके आणि केंद्राच्या मिशन अंत्योदय योजनेचे गावपातळीवरील सर्वेक्षण एकत्र मांडले तर पुस्तिकेचा बराच मजकूर उभा राहील. कोणता आकडा कोणत्या नोंदीतून व कोणत्या तारखेचा, हे प्रत्येक पानाखाली लिहा. तलाठ्याचा आणि अंगणवाडीताईंचा आकडा जुळला नाही तर दोन्ही छापा आणि ग्रामसभेत विचारा. पाचातली दोन कुटुंबे हंगामात कामासाठी बाहेर असतात, हे तिथेच बाहेर येईल.