एफ-टीआर रायफलच्या .३०८ बॅरलसाठी ट्विस्ट किती घ्यावा?

क्लीव्हलंडकर
नमस्कार मंडळी. एफ-टीआर, म्हणजे बायपॉडवर (दुपायी टेकूवर) रायफल ठेवून लांब पल्ल्यावर करायच्या नेमबाजीच्या प्रकारासाठी, .३०८ विंचेस्टर काडतुसाची रायफल बांधून घेत आहे. ॲक्शन, स्टॉक आणि बायपॉड ठरले आहेत, बॅरल ३० इंचांचे घ्यायचे हेही नक्की आहे. पण ऑर्डर नोंदवताना बॅरलवाल्याने ट्विस्ट (नळीतल्या आट्यांचा पीळ; १:१० म्हणजे दहा इंचांत एक फेरा) विचारला आणि तिथे घोडे अडले. १:१०, १:११ आणि १:१२ हे तिन्ही मिळू शकतात. बहुतेक सामने ६०० यार्डांचे असतील, मात्र ओहायोतल्या कॅम्प पेरीच्या मैदानावर हजार यार्डांवरही उतरायचे आहे. सुरुवात १५५ ग्रेन वजनाच्या गोळीने करून पुढे २०० ग्रेनकडे वळावे असा विचार आहे. क्लबातील काही जणांच्या मते १:१० मध्ये हलकी गोळी गरजेपेक्षा जास्त फिरते आणि ग्रुप (कागदावरच्या भोकांचा पुंजका) फाकतो. यात कितपत तथ्य आहे?

जुना नेमबाज
ट्विस्ट आधी ठरवून मग गोळी शोधणे म्हणजे उलटी गंगा. गोळी स्थिर राहण्यासाठी किती फिरकी लागते हे मुख्यतः तिच्या लांबीवर ठरते. जड गोळीला वेगवान ट्विस्ट लागतो असे आपण म्हणतो, ते एकाच कॅलिबरमध्ये जड गोळी बहुधा लांबही असते म्हणून. ट्विस्ट काढण्याचे ग्रीनहिलचे १८७९ चे सूत्र लांब, निमुळत्या गोळ्यांना पुरत नाही, त्यामुळे मिलरचे सूत्र वापरा आणि लांबी हातातल्या गोळीला कॅलिपर लावून मोजा.

समजा, २०० ग्रेनची गोळी १.५० इंच लांब आहे आणि सेकंदाला २,६५० फूट वेगाने निघते. समुद्रसपाटीच्या प्रमाणित हवेत मिलरच्या सूत्राने तिचा स्थिरतांक (गोळी किती स्थिर राहील याचा आकडा) १:१२ मध्ये सुमारे १.१, १:११ मध्ये १.३ आणि १:१० मध्ये १.६ येतो. १.० च्या खाली गोळी हवेत लोळते आणि कागदावर आडवे भोक पडते, हे सर्वांना ठाऊक असते, पण १.० ते १.५ या पट्ट्यात ती सरळ जात असूनही हवेचा विरोध वाढतो आणि बॅलिस्टिक कोएफिशंट (हवा कापत जाण्याची क्षमता) घटतो, हे सहसा ध्यानात येत नाही, कारण शंभर यार्डांवर ग्रुप छानच दिसतो आणि फटका बसतो तो हजार यार्डांवरच्या वाऱ्यात. म्हणून २०० ग्रेन वापरायची असेल, तर १:१० घ्या.

क्लबातील मंडळींचे म्हणणे अगदीच खोटे नाही. फुटातला वेग गुणिले ७२०, भागिले ट्विस्ट, असे केले की मिनिटाचे फेरे मिळतात. वरच्याच वेगाला १:१२ मध्ये १,५९,००० आणि १:१० मध्ये १,९०,८०० फेरे होतात. गोळीच्या जॅकेटची (बाहेरच्या धातूच्या आवरणाची) जाडी एका बाजूला किंचित कमी असेल, तर तो दोष फिरकीच्या प्रमाणात अधिक उघडा पडतो. शंभर-दोनशे यार्डांचे बेंचरेस्टवाले (टेबलावर रायफल टेकवून नेमबाजी करणारे) ६ पीपीसी काडतुसाला १:१३.५ किंवा १:१४ ट्विस्ट घेतात, ते याच कारणाने. पण त्यांचा खेळ एकाच भोकात गोळ्या घालण्याचा आहे. आजच्या चांगल्या मॅच गोळ्यांत हा दोष इतका कमी असतो की १५५ ग्रेनला १:१० मुळे होणारा तोटा तुमच्या वाऱ्याच्या अंदाजातील चुकीखाली झाकून जाईल.

डेन्व्हरवासी
मी १:११ मधून तशाच लांब गोळ्या झाडतो आणि न्यू मेक्सिकोतल्या रॅटनच्या मैदानावर काहीही अडत नाही. १:१० चा आग्रह मला अनाठायी वाटतो.

जुना नेमबाज
रॅटन सुमारे २,००० मीटर उंचीवर आहे; तिथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या चार-पंचमांशाच्या आसपास असते, त्यामुळे १.३ चा आकडा आपोआप १.६ वर जातो. कॅम्प पेरी लेक ईरीच्या काठावर, जेमतेम पावणेदोनशे मीटर उंचीवर आहे. शिवाय ओहायोच्या थंडीत, गोठणबिंदूच्या आसपास, सरावाला गेलात तर दाट हवेमुळे आकडा आणखी पाच-सहा टक्क्यांनी उतरतो. हिशेब नेहमी आपल्या सर्वांत दाट हवेचा करावा. डेन्व्हरवासी, तुमचे सगळे सामने डोंगरावर असतील, तर तुमची निवड योग्यच आहे.

बालेवाडीचा
आम्हा ५० मीटरवाल्यांना हा प्रश्न पडतच नाही. .२२ एलआर या छोट्या काडतुसाच्या ४० ग्रेन गोळीसाठी १:१६ च्या आसपासचा ट्विस्ट सर्वमान्य आहे, त्यामुळे सगळी डोकेफोड काडतुसांचा लॉट निवडण्यात जाते.

क्लीव्हलंडकर
मग १:१० नक्की करतो आणि १५५ चा टप्पा वगळून थेट २०० ग्रेनने सुरुवात करतो. बॅरल आल्यावर ट्विस्ट खरोखर तेवढाच आहे, हे घरी तपासता येते का? आणि गनस्मिथला आणखी काय सांगावे?

जुना नेमबाज
येते. बेअरिंगची मूठ असलेल्या क्लीनिंग रॉडवर घट्ट बसणारा कपडा लावून तो बॅरलमध्ये ढकला, दांडीवर मार्करने वरच्या बाजूला खूण करा, एक पूर्ण फेरा होऊन खूण पुन्हा वर येईपर्यंत सावकाश पुढे सारा आणि दांडी किती इंच सरकली ते मोजा. कपडा सैल असेल तर तो आटे सोडून घसरतो आणि माप चुकते, म्हणून दोन-तीनदा मोजून ताळा पाहा. बटन पद्धतीच्या (कठीण बटन नळीतून सरकवून आटे पाडलेल्या) बॅरलमध्ये आकडा किंचित इकडेतिकडे निघू शकतो; १:१० ऐवजी १:१०.१ आला म्हणून घाबरू नका.

गनस्मिथला गोळी नेमकी कोणती ते आधी कळवा. १५५ ग्रेनसाठीच्या आखूड थ्रोटच्या (चेंबर आणि आटे यांमधल्या भागाच्या) रीमरने, म्हणजे कापणाऱ्या हत्याराने, चेंबर (काडतूस बसण्याची जागा) कापला, तर २०० ग्रेनची लांब गोळी केसमध्ये फार खोल बसवावी लागते आणि बारुदाची जागा जाते. बारूद आणि प्रायमर नसलेले एक डमी काडतूस, तुम्हाला हव्या त्या लांबीवर गोळी बसवून, चेंबर कापण्यापूर्वीच त्यांच्याकडे द्या.