मॉलिब्डेनम डायसल्फाइड: सहा तास सोनिकेशन करूनही सगळं तळाशी

घणसोलीकर
एमएससी प्रोजेक्टसाठी मॉलिब्डेनम डायसल्फाइड या थरांवर थर असलेल्या पावडरीतून पातळ थर (शीट्स) सोडवायचे आहेत. पावडर ५ मिग्रॅ प्रति मिली, एनएमपी (एन-मिथाइल पायरोलिडोन) या सॉल्व्हंटमध्ये, बीकरमध्ये घेऊन बाथ सोनिकेटरला (पाण्याच्या टाकीत अल्ट्रासाउंडने बारीक बुडबुडे फोडून हादरे देणारं यंत्र) सलग ६ तास. मग सेंट्रिफ्यूजमध्ये ५००० आरपीएमला (मिनिटाला फेरे) अर्धा तास. वरचं द्रावण फिकट पिवळं, खाली काळा गाळ. पिवळं म्हणजे शीट्स सुटल्या का? वेळ वाढवू?

खाडीकाठ
तो पिवळा रंग एनएमपीचा. तापून आणि हवा लागून सॉल्व्हंट बिघडतो. नुसतं एनएमपी तेवढाच वेळ बाथमध्ये ठेवून बघा, तेही पिवळं होईल. डिस्पर्शन जमलं, म्हणजे शीट्स द्रवात पसरून राहिल्या, की गडद हिरवट दिसतं आणि यूव्ही-व्हिसमध्ये (कोणता प्रकाश किती शोषला जातो त्याचा आलेख) ६१० व ६७० नॅनोमीटरच्या आसपास दोन उंचवटे येतात.

वेळ वाढवण्याआधी बाथ तपासा. ॲल्युमिनियम फॉइलची पट्टी पाण्यात उभी धरून मिनिटभर चालवा. जिथे भोकं पडतील तिथेच जोर आहे, भांडं तिथे टांगा. जाड बीकरऐवजी पातळ काचेचा गोल बुडाचा फ्लास्क घ्या, आतल्या द्रवाची पातळी बाथच्या पाण्याला जुळवा. पाणी तापलं की बुडबुडे फुटण्याचा दणका मंदावतो, म्हणून ते ३० अंशांच्या आत ठेवा. बर्फ दिवाळे गावच्या मासळी बाजारातला चालेल, बाहेरूनच लावायचाय!

शिवाय नुसत्या आरपीएमवरून काही कळत नाही, रोटरची त्रिज्या सांगा. १५०० आरपीएम म्हणजे ८ सेमीला सुमारे २०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या २०० पट), १५ सेमीला ३७५. थेट ५००० लावलंत तर थोडंफार सुटलेलंही खाली जातं. आधी १५००, ४५ ते ९० मिनिटं.

रबाळे_नाका
मी तर म्हणेन एनएमपीचा नादच सोडा. २०२ अंशांना उकळतं, शीट्स फिल्टरवर जमवून केलेल्या फिल्ममधून पुरतं निघत नाही. कातडीतून शरीरात जातं, गर्भाला घातक. त्यात आपल्याकडच्या पावसाळ्यात बाटली उघडी राहिली की ओलावा ओढतं.

पाणी आणि सोडियम कोलेट (साबणासारखं काम करणारं क्षार) वापरा. पावडर २० मिग्रॅ, कोलेट ६ मिग्रॅ प्रति मिली. प्रोब (द्रावणातच बुडवायची सोनिकेटरची दांडी) १ तास, मग ५००० ला फिरवून वरचं ओतून द्या. इथेच सगळे चुकतात आणि गाळ फेकतात. वरच्यात पावडरीतली घाण आणि अगदी बारीक चुरा असतो. गाळ ताज्या पाण्यात घ्या, कोलेट आता २ मिग्रॅ. प्रोब ५ तास, ६ सेकंद चालू, २ बंद, भांडं बर्फात. मग १५०० ला दीड तास: गाळ टाका, न सुटलेली पावडर आणि प्रोबच्या टोकाचे झिजलेले टायटॅनियमचे कण त्यातच बसतात. वरचं पुन्हा ५००० ला. या वेळचा गाळ ठेवायचा, त्यात शीट्स आहेत.

घणसोलीकर
प्रोब शेजारच्या विभागात आहे, विचारतो. फिल्म करायला फिल्टर करताना पीव्हीडीएफ (एक प्लॅस्टिक) मेम्ब्रेन चालेल?

खाडीकाठ
पाण्यातल्याला चालेल, पाण्याने भिजणारं (हायड्रोफिलिक) असेल तर. एनएमपीला मुळीच नाही, त्यात पीव्हीडीएफ विरघळतं. बॅटरीवाले पीव्हीडीएफ एनएमपीतच विरघळवून इलेक्ट्रोडची लेई कालवतात. सेल्युलोज नायट्रेटही नको, पीटीएफई (टेफ्लॉन) घ्या. सेंट्रिफ्यूजच्या ट्यूब पॉलिप्रॉपिलीनच्या. पॉलिकार्बोनेटच्या एनएमपीत खराब होतात, रोटरमध्येच तडकतील. आणि फिल्टरवरच डीआय (आयन काढलेल्या) पाण्याने भरपूर धुवा, नाहीतर थरांच्या मध्ये कोलेट अडकून फिल्मचा रेझिस्टन्स भलताच येईल.